तळटीपेतली बहीण

सिंगापुरात बसून जर्मनीतल्या सरदारपुत्रावर कुणी संशोधन करतं का, असं मला सगळेच विचारायचे. मी राहायचे त्या बेडोक भागातल्या मराठी मंडळींत बहुतेक बोटीवरचे इंजिनियर आणि त्यांच्या बायका. त्यांच्यात मी 'ती जर्मनवाली' होते. उत्तर साधं होतं. मी पुण्यात जर्मन शिकले होते, इथल्या प्राध्यापकांना ती भाषा येणारं कुणीतरी हवं होतं आणि शिष्यवृत्ती मिळत होती. नव्वदच्या दशकात सांगलीच्या मुलीला देश सोडायला एवढं कारण पुरायचं.

माझा सरदारपुत्र धर्मसुधारणेच्या काळातला, एका लहानशा जहागिरीचा वारस. बाप जुन्या पंथाचा कट्टर, मुलगा नव्या शिकवणीनं पेटलेला. बाप वारला तेव्हा यानं चर्चमधल्या मेणबत्त्या विझवायला लावल्या, पाद्र्यांना परत पाठवलं आणि सांगितलं की मेलेल्याचं भलंबुरं विधींनी होत नसतं. जहागिरीतला नन्सचा मठही त्यानं बंद केला. तिथल्या शपथा म्हणजे माणसांनी माणसांना घातलेल्या बेड्या, त्या रद्द. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मायक्रोफिल्मच्या यंत्रात डोकं खुपसून मी त्याची पत्रं वाचायचे, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्या प्रेमात पडले होते. पहिल्या तीन प्रकरणांत 'विवेक' हा शब्द मी इतक्यांदा लिहिलाय की आता ती पानं उघडवत नाहीत.

त्याला एक बहीण होती. तिला अकराव्या वर्षी त्याच मठात घातलं. जाताना बापाच्या मालमत्तेवरचा हक्क सोडल्याचा कागद तिच्याकडून करून घेतला. अक्षर येत नव्हतं, म्हणून तिनं फुली मारली. ही त्यांच्याकडची रीतच होती. मुलगी लग्नाला नाहीतर मठात निघाली की अंगावर चार कपडे घालायचे आणि कागद घ्यायचा. मठ बंद झाल्यावर ती चाळिशीची बाई भावाच्या दारात परत आली. मठात ती लिहायला शिकली होती; तिचं एकच पत्र उरलं आहे. माझी शपथ रद्द झाली, तर त्याच दिवशी, त्याच शपथेबरोबर केलेला कागदही रद्द नको का, असं तिनं विचारलं आहे. भावाचं उत्तर असं की शपथ देवापुढची होती आणि ती देवालाच नको होती. कागद कारकुनापुढचा आहे, तो कायम. राहिला प्रश्न राहायच्या जागेचा, तर दार तिला उघडंच आहे, भावाबहिणीत असल्या गोष्टी लिहून मागणं शोभत नाही.

ही दोन पत्रं मी तळटीपेत टाकली. मुख्य विषयाला धरून नव्हती ना.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, बोटीवर सेकंड इंजिनियर आणि आमच्या घरातला सुधारक. लग्नात हुंडा तर सोडाच, आहेरसुद्धा घेतला नाही. बहिणीनं भावाला ओवाळायचं हे बुरसटलेलं आहे म्हणून कॉलेजात असतानाच त्यानं राखी आणि भाऊबीज बंद केली. आई आधीच गेली होती. बाबा गेले तेव्हा त्यानं गुरुजींना फाटकातूनच परत पाठवलं आणि मला हाताला धरून स्मशानात नेलं. अग्नी आम्ही दोघांनी मिळून दिला. गल्ली वर्षभर बोलत होती. मला मात्र त्याचा एवढा अभिमान वाटला की परतीच्या विमानातच तिसरं प्रकरण डोक्यात जुळून आलं.

पुढच्या वर्षी त्याचं जहाज तेल भरायला सिंगापूरला थांबलं. किनाऱ्यावर उतरायला एकच दिवस होता. एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, तो बेडोकला आला. मी एका चिनी म्हातारीच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहत होते. त्यानं तिलाही वाकून नमस्कार केला. "ब्रदर सो गुड लाह," असं ती पुढे महिनाभर मला ऐकवत होती. मग त्यानं बॅगेतून पिशवी काढली. साडी, खण, नारळ, हळदीकुंकवाची पुडी. तुझ्या वहिनीनं दिलंय, म्हणाला.

पंधरा वर्षं ज्यानं ओवाळून घेतलं नाही तो भाऊ अचानक साडीचोळी घेऊन येतो, म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला न सांगता कळतं. लिहितावाचता न येणाऱ्या बाईलासुद्धा. मला कळलं नाही. मी साडीचा पदर उलगडून बघत बसले आणि मला रडू आलं, आईची आठवण झाली म्हणून.

कागद निघाला तो खाली हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांपुढच्या टेबलावर, नूडल्स समोर आल्यावर. सांगलीचं घर पाडून नवं बांधायचं होतं. दोन नावं असली की कर्जाला अडचण, तू इकडे, मी समुद्रावर, सह्यांसाठी कुठे धावायचं? हक्कसोडपत्र तयारच होतं. वकिलातीत जाऊन सहीवर शिक्का तेवढा घ्यायचा, ती बंद व्हायच्या आत.

ते घर बाबांनी बांधलेलं, खाली चार खोल्या आणि वर गच्चीला लागून एक. ती वरची माझी, दहावीपासूनची. शिष्यवृत्ती सात महिन्यांत संपणार होती, लग्न मी केलं नव्हतं, आणि परत जायला त्या खोलीशिवाय मला जगात दुसरी जागा नव्हती. दादाला हे माहीत होतं. मी म्हटलं, सही करते, पण एक ओळ वाढव. नव्या घरातही वरची एक खोली मी जिवंत असेपर्यंत माझी.

त्यानं काटा खाली ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो दुखावला.

"अगं, आपल्यात कागद कशाला?"

कागद त्याच्याच हातात होता. टेबलावरचं तेल लागू नये म्हणून त्यानं तो जरा उंच धरला होता.

मी विचारलं, गुरुजी नकोत, भाऊबीज नको, कसलीच रीत नको, मग बहिणीची साडीचोळीवर बोळवण करायची रीत तेवढी कशी उरली? तो शांतपणे म्हणाला, "ती कर्मकांडं होती गं. हे कायद्याचं आहे."

हे उत्तर मी जर्मनमध्ये वाचलेलं होतं. यापुढे काय येणार तेही मला पाठ होतं, आणि ते आलं. तुला मी रस्त्यावर सोडणार आहे का, दार तुला कायम उघडं आहे.

मी सही केली. नाही म्हटलं असतं तर खोली राहिली असती आणि माहेर गेलं असतं. याच भीतीनं आमच्याकडच्या बायका सह्या करत आल्या आहेत, आणि शिकलेल्या बाईची भीती काही वेगळी नसते. त्या पोरीनं अकराव्या वर्षी न वाचता फुली मारली. मी एकतिसाव्या वर्षी, चार भाषा येत असताना, कागद दोनदा वाचून सही केली. तिनं निदान नंतर पत्र तरी लिहिलं.

संध्याकाळी धक्क्यावरून त्यानं हात हलवला, मीही हलवला. खोलीवर येऊन ती तळटीप काढून प्रकरणात घ्यावी असं मनात आलं. घेतली नाही. घेतली असती तर तिन्ही प्रकरणं मोडावी लागली असती, आणि प्रबंध वेळेत द्यायचा होता. प्रबंध मंजूर झाला. वारसाच्या विवेकाचं कौतुक त्यात अजून जसंच्या तसं आहे.

शिष्यवृत्ती संपल्यावर सांगलीला गेले तेव्हा नवं घर उभं होतं. दादा बोटीवर होता. वहिनीनं मायेनं केलं, त्यात खोट काढायला जागा नाही. अंघोळीला कढत पाणी, जेवायला पुरणपोळी, झोपायला हॉलमध्ये गादी. माझ्या पुस्तकांची पेटी जिन्याखाली नीट झाकून ठेवली होती. वरच्या खोलीत आता भाचीचं टेबल होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तीच साडी नेसून जेवायला बसले. भाची आठ वर्षांची, बोलकी. तिनं विचारलं, "आत्या, तू किती दिवस आहेस?"

वहिनी तिला रागावली नाही. पोळी लाटता लाटता तिचा हात तेवढा थांबला.

मी म्हटलं, "उद्यापर्यंत." तिकीट काढलेलं नव्हतं. सकाळी स्टँडवर जाऊन पुण्याचं काढलं.