सुपारी फुटल्यानंतर

मी सांगलीत वकिली करते आणि माझा पारा लवकर चढतो. आष्ट्याजवळचा एक ऊसवाला शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्यासमोर बसला आणि त्यानं विचारलं, "ताई, सुपारी फुटल्यावर बी गुन्हा हुतो व्हय?" तेव्हा तो चढलाच. पण मुलगी समोर होती, म्हणून मी आधी दोन चहा सांगितले.

मुलगी चोविशीतली, कुपवाडला एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी. आमच्याकडे लग्न ठरलं की चार मोठी माणसं बसवून सुपारी फोडतात. फुटली की बोलणं पक्कं, मग मोडायची सोय नाही. हिचं लग्न ऊस तुटून गेल्यावर धरलं होतं. मुलगा शिरवळच्या कंपनीत. "आपली खोली बघून जा," म्हणून त्यानं तिला बोलावलं आणि दार लावून घेतलं. ती नको म्हणाली, रडली. त्यानं ऐकलं नाही. सुटल्यावर तिनं स्टँडवरून बापाला फोन केला. बाप मात्र बरेच दिवस गप्प बसला, कारण होणारा नवराच तर होता!

मी त्याला कायदा सांगितला. संमती म्हणजे त्या वेळी, त्या गोष्टीला, स्वतःच्या मनानं दिलेला स्पष्ट होकार. लग्नाला हो म्हणणं म्हणजे तो नव्हे. अंगावर वळ नाहीत, झटापट केली नाही, एवढ्यावरून बाई राजी होती असं कायदा धरत नाही. बाप मान डोलवत होता, पण त्याच्या डोक्यात सुपारीच होती. आणि खरं सांगायचं तर कायद्यालाही या बाबतीत फार मिरवायला जागा नाही. हेच लग्नानंतर घडलं असतं, तर याच कायद्यानं त्याला बलात्कार म्हटलं नसतं. हे मला दरवेळी झोंबतं, आणि कुणाला समजावताना मी त्या वाक्याशी अडखळते.

मुलाच्या चुलत्याला कायदा इतका ठाऊक नव्हता, पण दिशा बरोबर कळली होती. मुलीनं शिरवळला तक्रार दिली, तेव्हापासून तो बापाकडे खेटे घालू लागला. "लगीन लावून टाकू, घरातलं घरात मिटंल." लग्न लावलं म्हणून झालेला गुन्हा पुसला जात नाही, हे मी बापाला बजावलं. पण भीती वेगळीच होती. प्रसंगानंतर तिनं पहिल्यांदा सांगितलं ते बापालाच. तो फोन त्यानं कोर्टात नाकारला, साक्षीदार फितूर झाला, तर मुलगी एकटी पडणार होती.

शिरवळ सातारा जिल्ह्यात, म्हणून खटला साताऱ्यात. मी सरकारी वकिलांच्या मदतीला जात होते. अशा खटल्यात साक्षी बंद खोलीत होतात. आधी मुलीची झाली. आरोपीच्या वकिलांनी नेहमीचं सगळं काढलं: तक्रारीला उशीर, दोघांचे हसरे फोटो, सुपारीचा व्हिडिओ. मग विचारलं, "शेजारी माणसं होती, तुम्ही ओरडला का नाहीत?"

"नको म्हणल्यावर थांबंल असं वाटलं," ती म्हणाली. "लांबचा न्हवता त्यो."

मी कागद चाळत बसले.

दुपारी ती बाहेर बाकावर आणि बाप आत. फोनबद्दल विचारल्यावर त्यानं आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "आला हुता. लय रडत हुती. 'आबा, मला घिऊन जावा' म्हणाली." माझा जीव भांड्यात पडला. पण आरोपीचे वकील उठले.

"चार माणसांत तुम्हीच मुलगी दिली होती ना?"

"व्हय, दिली हुती."

"मुलीच्या खुशीनं?"

सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. बापाच्या हो म्हणण्यावर आरोपीचे वकील पुढचा बचाव उभा करणार होते: मुलगी खूश होती, स्वतःहून खोलीवर गेली, नंतर कशावरून तरी बिनसलं.

"ती आत चहा गाळत हुती, सायेब," बाप म्हणाला. "तिला इचारलंच न्हाई. तवा मी इचारलं न्हाई, मग त्यानं इचारलं न्हाई."

न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. मी त्या माणसावर महिनोन्महिने चिडले होते. त्या क्षणी माझा राग गेला असं नाही, पण त्याच्याविषयी आदर वाटला.

बाहेर आलो तर चुलता व्हरांड्यात हजर. आत काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. बापाचा दंड धरून म्हणाला, "आवं पावणं, अजून येळ गेली न्हाई. तुमी व्हय म्हणा, फुडच्याच आठवड्यात बार उडवू."

मी तोंड उघडणार, तोच बापानं दंड सोडवून घेतला.

"मला काय इचारता?" तो म्हणाला. "ती बसलीया. तिला इचारा."

चुलत्यानं बाकाकडे बघितलं, परत बापाकडे बघितलं. त्याला तिच्याशी बोलायचं कसं तेच कळेना. तेवढ्यात मुलगी उठून उभी राहिली. तिचा आवाज मी आजवर माझ्या टेबलापलीकडून, कान देऊनच ऐकला होता.

"न्हाई," ती म्हणाली, आणि व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली.