मुरादचं सांबर

महाडच्या बाजारपेठेत झकेरियाशेठचा फोटो स्टुडिओ होता, आणि त्यात बसलेला असायचा त्यांचा मधला मुलगा मुराद. थोरला कुवेतला, धाकटा दुबईला. दोघांच्याही पासपोर्टचे फोटो मुरादनेच काढले. त्यांचेच कशाला, तालुक्यातला जो जो आखातात गेला तो आधी मुरादच्या स्टुलावर बसून गेला. मुराद मायेनं म्हणायचा, "मान जरा वर. हलू नका." खटका दाबला की माणूस उठून मोकळा. मुराद मात्र तिथंच. अब्बा अंथरुणाला खिळलेले, दुकान कोणीतरी बघायला हवं. तो कोणीतरी मुराद, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. आणि नाही म्हणणं या भल्या माणसाच्या जिभेला कधी जमलंच नाही.

स्टुलामागे रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, कमळं आणि काठाला शिंगं पसरून उभं असलेलं सांबर. एकदा पोलादपूरपलीकडच्या डोंगरातल्या कुडपण गावचा मालोजी मुंबईच्या लेकाला पाठवायचा फोटो काढायला आला, आणि पडदा बघून पोट धरून हसला.

"मुरादभाय, ही शिंगांची बकरी हाय. सांबर बघायचा तर आमच्या पाणवठ्यावर ये."

झालं! मुरादच्या डोक्यात सांबर शिरलं ते निघेना. जन्मभर लोकांचे चेहरे काढले, एक फोटो आपल्या मनाचा काढायचा, एवढाच ध्यास. बायको शरिफा म्हणायची, सवत आणायची तर आणा, पण शिंगवाली नको.

पण खरी मेख पुढंच होती. सांबराची शिंगं दरसाल गळतात. पावसाळ्यात नवी फुटतात, दिवाळीनंतर टणक होतात आणि उन्हाळा लागला की पुन्हा पडतात. म्हणजे शिंगांचे दिवस आणि लग्नांचे दिवस एकच! मालोजीचा निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचा, तेव्हा मुराद कुठल्यातरी मांडवात नवरीची मान सरळ करत असायचा. आणि पावसात तो दुकानात माशा मारत बसला, की तिकडं सांबराच्या डोक्यावर नुसती केसाळ ठोंबं. सात वर्षं हेच चाललं.

त्र्याऐंशीच्या फाल्गुनात मालोजीनं निर्वाणीचा निरोप धाडला. नर म्हातारा झालाय, लंगडतो, शिंगं आठ दिवसांत पडतील, पुढल्या साली दिसेल याचा भरवसा नाय. मुरादच्या वहीत एक दिवस रिकामा नव्हता. तेवढ्यात बिरवाडीच्या एका नवरीचे आजोबा वारले आणि लग्न पुढं गेलं. मुरादला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. लाजत लाजतच त्यानं कॅमेरा खांद्याला लावला आणि पोलादपूरची एसटी पकडली.

मालोजीनं पाणवठ्याशी कारवीच्या काठ्या रोवून, वर पाला टाकून आडोसा केला होता. मुरादचा कॅमेरा लग्नाचा, लांबचं टिपणारा नव्हे. म्हणून पंधरा पावलांवरच बसणं भाग होतं. तोंडातून ब्र काढू नको, एवढं बजावून मालोजी मागं सरकून बसला. दुपारपासून मुराद त्या खुराड्यात. पायाला मुंग्या आल्या, अंगावर खऱ्या मुंग्या चढल्या. त्याच्या मनात आलं, दुकानात तरी वेगळं काय आहे? चार भिंती, एक भोक आणि मी.

उन्हं कलली, आणि ते आलं. अंगानं भरलेलं, गळ्याला दाट केस, आणि डोक्यावर दोन-दोन हातांची शिंगं. मुरादचे डोळे भरून आले. सांबर लंगडत पाण्यापाशी आलं, खाली वाकून प्यायला लागलं. कॅमेऱ्यात ते पुरतं मावलं होतं, फक्त मान खाली होती. मुराद थांबला. सांबरानं मान अर्धी उचलली. अजून जराशी हवी होती.

अठरा वर्षांची सवय! ओठांतून निघून गेलंच.

"मान जरा वर. हलू नका."

सांबर ढाँक करून ओरडलं, जंगल दणाणलं. फांद्या मोडल्या, दगड घरंगळले. मग कुठं मुरादचं बोट खटक्यावर दाबलं गेलं. मालोजीनं कपाळावर हात मारला. त्याला हसू येत होतं, पण मुरादचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

फोटो धुऊन आला. हललेलं पाणी आणि एक मोडकी फांदी. मुरादनं तो चौकटीत घालून दुकानात लावला. गिऱ्हाईक विचारायचं, हा कशाचा? सांबराचा. मग सांबर कुठाय? गेलं.

पुढच्या आठवड्यात शरिफाचा भाऊ पासपोर्टच्या फोटोला स्टुलावर बसला. हलू नका म्हटल्यावर खांबासारखा ताठ झाला, खटका वाजताच उठला आणि हसत बाहेर पडला. डबा घेऊन आलेली शरिफा दारात उभी होती. मुराद तिच्याकडं न बघता त्या चौकटीकडं बघत राहिला.

"हजारोंना हलू नका म्हटलं," तो म्हणाला. "सगळे फोटोपुरते थांबले नि गेले. सांबर तर तेवढंही थांबलं नाय. मला तर कुणी हलू नको म्हटलंसुद्धा नव्हतं गो."