हिरवळीखालचं खळं

माझ्या साखरपुड्यासाठी बाबांनी अंगणात प्लास्टिकची हिरवळ अंथरली होती, हे मी चारचौघांत सांगत नाही. लोक हसतात, आणि हसणाऱ्याचा मला अजूनही राग येतो.

आम्ही नाहूरला एका बैठ्या चाळीत शेवटच्या खोलीत राहायचो. शेवटची खोली म्हणून मागचं अंगण आमचं. अंगण कसलं, जुनं भातखाचर ते. काळी, चिकण माती. पावसाळ्यात त्यात पाय टाकला की पाय वर यायचा, चप्पल खालीच राहायची. संपात गिरणी बंद पडल्यापासून बाबा घरी होते आणि मी घाटकोपरला टायपिस्ट म्हणून नोकरीला जात होते. मुलगा बोरिवलीचा, बँकेतला, वडिलांचा स्वतःचा ब्लॉक. साखरपुडा दसऱ्याला ठरला. हॉल घेणं झेपणारं नव्हतं, तेव्हा अंगणच. 

मामा जुहूच्या एका हॉटेलात कामाला होता. तिथे पोहण्याच्या तलावाभोवतीची प्लास्टिकची हिरवळ बदलत होते, तर जुनी तो टेम्पोत घालून घेऊन आला. वर बोटभर हिरवे तंतू, खाली रबर. बाबा तर नुसते हरखले.

"असला खळा बोरिवलीकरांनी जल्मात बघलेला नसतला," ते म्हणाले. संपानंतर त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

हिरवळ अंथरायची तर खाली जमीन चांगली हवी, आणि आमच्या कोकणातल्या माणसाला चांगली जमीन एकच माहीत, ती म्हणजे खळं. गावी पाऊस सरला की अंगण खणतात, पाणी मारतात, लाकडी चोपण्याने बडवून बडवून गुळगुळीत करतात आणि वर शेणाने सारवतात. त्यावर भात झोडायचं. दाणा मातीत जात नाही, की पाणी मुरत नाही. बाबांनी अगदी तेच केलं. तबेल्यातून शेण आणलं आणि शर्ट काढून अंगण चोपत बसले.

"अहो, वरून झाकूनच टाकायचं तर सारवता कशाला?" आईने विचारलं.

"सारवल्याशिवाय खळा होता काय?" बाबा म्हणाले.

आणि खरंच देखणं झालं ते. ताटासारखं सपाट, कुठे उतार म्हणून नाही. त्यावर हिरवळीचे तुकडे शेजारी शेजारी पडले आणि आमचं अंगण कॅलेंडरवरच्या चित्रासारखं दिसायला लागलं. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी परतीच्या पावसाची एक दणदणीत सर आली. सकाळी छान ऊन पडलं, तंतू सुकले, बाबांनी वरून हात फिरवून बघितला आणि खुर्च्या मांडल्या. एवढं पाणी गेलं कुठे, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. ते तुकड्यांच्या सांध्यांतून खाली उतरलं होतं आणि तिथेच होतं. खळं त्याला मुरू देत नव्हतं आणि रबर वाळू देत नव्हतं.

बोरिवलीची मंडळी आली. गालिचाच समजून त्यांनी चपला कडेला काढल्या. होणाऱ्या सासूबाईंचा पाय नेमका सांध्यावर पडला आणि पचकन शेणाचं पाणी उडालं, ते साडीच्या जरीकाठापर्यंत. मागचे लोक पुढे सरकले तशी ठिकठिकाणी पिचकारी. वास तर असा सुटला की विचारू नका. "वाट लागली यार!" मुलाच्या मित्राने म्हणून घेतलं. मी सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, पण आमची धरणी बाबांनी चोपून ठेवली होती.

बाबा बादली आणि तांब्या घेऊन धावत आले. बायकांचे पाय आईने धुतले. पुरुषांपुढे बाबा उकिडवे बसले, तर एकेक जण "अहो, राहू द्या, राहू द्या" म्हणत नळावर गेला. मुलगाही गेला. फक्त होणारे सासरे खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी पाय पुढे केला. बाबांनी तो धुतला, स्वतःच्या नव्या उपरण्याने पुसला. मग सासऱ्यांनी दुसरा पाय पुढे केला.

शेणाची लाज वाटली, ती वाटलीच. पण त्या दुसऱ्या पायाने मला जी लाज वाटली ती वेगळी होती. आजवर बाबांना मी कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं, आणि आता ते माझ्यापायी वाकले होते. मला ट्रे फेकून द्यावासा वाटला. मी सरबत दिलं. साखरपुडा झाला. मुलाने आपले पाय आपण धुतले, एवढ्या आधारावर मी लग्नाला उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी हिरवळ उचलली तेव्हा अख्खी चाळ बघायला जमली होती. खाली हिरवट तळं.  दिवाळी होईतो बाबा अंगणात फिरकले नाहीत. मग एका सकाळी पहार घेऊन त्यांनी स्वतः चोपलेलं खळं स्वतःच फोडायला घेतलं. हातभर माती काढून टाकली, तळाला गटाराच्या बाजूने उतार दिला, मधोमध चर खणून त्यात विटांचे तुकडे भरले, वर खडी, तिच्यावर बारीक कच. शेवटी चुलीत सळई लाल करून रबराला भोकं पाडत बसले. जळक्या रबराचा वास आमच्या कपड्यांना किती दिवस येत होता. हिरवळ अंथरून झाली की बादलीभर पाणी ओतायचं आणि ते खालून गटाराकडे जातंय का हे कान लावून ऐकायचं, हा त्यांचा उद्योगच झाला.

लग्न माघात, त्याच अंगणात. लग्नात मुलीच्या बापाने नवऱ्या मुलाचे पाय धुवायचे असतात. भटजींनी तांब्या पुढे केला, शेजारी सासरे बसले होते. मी बाबांच्या कानाशी वाकले.

"बाबा, एवढं राहू दे ना. नका धुऊ पाय."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"घाबरू नको गो बाय," ते हळूच म्हणाले, "आता पाणी वर येवचा नाय."

आणि ते खाली बसले.