फ्रान्समध्ये दिलेला खांदा

फ्रान्सला जायला मिळालं म्हणून सगळा कॅम्प आमच्यावर जळत होता, आणि आम्ही चाललो होतो बटाट्यांसाठी.

सौदीत तबूकच्या बाहेर ज्या शेतावर मी मेंटेनन्सला आहे तिथं बटाटा निघतो. वाळवंटात बटाटा म्हटलं की गावाकडचे लोक हसतात. पण खोल बोअरचं पाणी आणि चाकांवर गोल फिरणारे पाइप असले की वाळू काहीही उगवून देते. तर हा बटाटा लहान-मोठा वेगळा करून पिशव्यांत भरायचं नवं मशीन कफीलने, म्हणजे आमच्या सौदी मालकाने, फ्रान्समधून मागवलं. कारखानेवाल्यांनी कळवलं, दोन माणसं पाठवा, शिकवून परत देतो. खरं तर आमचा इजिप्शियन इंजिनियर जायचा, पण त्याची बायको नेमकी बाळंत व्हायची होती. म्हणून मी आणि दापोलीवाला.

कॅम्पात माणसाला नाव नसतं, गाव असतं. मी कऱ्हाडवाला. तो दापोलीकडचा कोकणी मुसलमान, माझ्यापेक्षा वयाने मोठा, वेल्डर. पाच वेळा नमाज पढणार आणि दोन नमाजांच्या मधल्या वेळात अखंड टवाळी करणार. मी त्याला भाई म्हणतो, तो मला लेका म्हणतो.

आमच्या डोळ्यांसमोर पॅरिस होतं. त्या टॉवरखाली उभं राहून काढलेला फोटो आणायचा, अशी प्रत्येकाने ताकीद दिली होती. विमानतळावर कारखान्याची गाडी आली आणि पॅरिसकडे पाठ करून जी निघाली ती थांबेचना. शेतं, गाई, परत शेतं. दापोलीवाल्याने ड्रायव्हरला विचारलं, "टॉवर?" ड्रायव्हरने अंगठा मागे दाखवला. आम्ही मागे वळून पाहिलं. धुकं होतं.

गावात एक चर्च, एक बेकरी, एक बंद पडलेला बार आणि बाकी म्हाताऱ्या बायका. त्यातल्याच एकीकडे आमची राहायची सोय होती. पोस्टातून रिटायर झालेली, नवरा वारलेला, अंगाने काटकुळी आणि आवाजाने हवालदार. तिला काय म्हणायचं हा प्रश्नच आला नाही. तिच्या भाषेतसुद्धा ती मॅडमच होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला फ्रेंच येत नव्हतं. ती फोनमध्ये बोलायची आणि फोन एका हिंदी बाईच्या आवाजात आम्हाला सांगायचा. त्यामुळे मॅडम कितीही चिडली तरी आमच्यापर्यंत रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखी पोचायची.

पहिला शनिवार आला. सौदीत आम्हाला शुक्रवारची सुट्टी, तीसुद्धा कपडे धुण्यात जाते. इथं लागोपाठ दोन दिवस सुट्टी, आणि गावातून बाहेर जायला बस नाही. आम्ही सरळ आडवे झालो. दुपारी मॅडमने दार ठोठावलं आणि फोन पुढे धरला. फोन म्हणाला, "स्वस्थ पुरुषों का दिन में लेटना ठीक नहीं है। कृपया पत्थर देखने आइए।"

पत्थर म्हणजे जुनी चर्चं, हे गाडीत बसल्यावर कळलं. गाडी डबीएवढी होती आणि मॅडम ती चढावर जशी चालवायची तशीच उतारावर. दापोलीवाला पुढे बसला होता. पहिल्या वळणावर त्याने कलमा पढला.

पहिलं चर्च हजारेक वर्षांचं होतं म्हणे. दारात दापोलीवाल्याने बूट काढले. फरशी बर्फासारखी. मॅडमने खुणेनं सांगितलं, घाल, घाल. तो मला म्हणाला, "देवाच्या घरात बूट घालून? आणि हे लोक आपल्याला सुधारणा शिकवतात."

माझं त्याहून वाईट झालं. देवळात शिरताना माझा हात आपोआप वर जातो. दाराशी एक जाड दोरी लोंबत होती. मी ती ओढली. वर कुठंतरी क्षणभर काहीच झालं नाही आणि मग जो टोल पडला त्याने पारवे उडाले. समोरच्या घरातून एक बाई एप्रन बांधलेली तशीच धावत आली. मॅडमने तिला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. बाईने माझ्याकडे फार दयेनं पाहिलं आणि ती परत गेली. काय सांगितलं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

पण खरी मजा बाहेर होती. छपराच्या कडेखाली ओळीने दगडी मुंडकी कोरलेली. एकजण जीभ काढून बसलेला. एकाला बहुतेक पोटशूळ. एक डुक्कर पिपाणीसारखं काहीतरी वाजवत होतं. आणि कोपऱ्यात एका माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे उघडी पाठ करून, म्हणजे पाठीच्याही खालचं सगळं, दाखवलेलं होतं.

"हा बघ, आपला फोरमन," दापोलीवाला म्हणाला.

मी मॅडमला विचारलं, देवाच्या घरावर हे कशाला? तिने खांदे उडवले. फोन म्हणाला, "कारीगर ठंड में ऊपर बैठा था। ऊब गया होगा।" मला हे एकदम पटलं. चाळीस डिग्रीत शेडच्या पत्र्यावर बसून मीही तबूकमध्ये काय काय गिरवून ठेवलंय, ते सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत एका संताचा जबडा होता, दातांसकट. दापोलीवाल्याने वाकून बघितलं आणि विचारलं, "बाकीचा कुठंय?" मॅडमने हात लांब करून डोंगरापलीकडचं गाव दाखवलं, मग स्वतःचा दंड दाखवला. म्हणजे हात तिकडे होता. "भावाभावांत वाटणी झालेली दिसते," मी म्हणालो, आणि देवासमोर हसू नये म्हणून आम्ही दोघं खांबाआड गेलो. मॅडम तिथं आधीच हसत उभी होती.

पुढचा आठवडा कारखान्यात गेला. मग दुसरा शनिवार. त्या दिवशी मॅडम वेगळी दिसत होती. काळा कोट, ओठांना लाली, केस विंचरलेले. फोन म्हणाला, "पहाड़ी पर एक सुंदर चर्च है।" आम्ही आमची जाकिटं चढवली. ही जाकिटं शेतावरची. पिवळीजर्द, चमकत्या पट्ट्यांची, पाठीवर अरबीत शेताचं नाव आणि खाली हसणारा बटाटा. थंडीचं दुसरं काही आमच्याकडे नव्हतं.

टेकडीखाली एक काळी लांब गाडी उभी होती. वर जाणारा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला, नुसता चिखल. गाडीभोवती पाच-सहा म्हातारे-म्हाताऱ्या, निम्म्यांच्या हातात काठ्या. मागचं दार उघडं आणि आत शवपेटी.

"भाई, हे मयत आहे," मी म्हणालो. "आपण चुकीच्या वेळी आलोय. चल मागं."

मॅडम मात्र थेट त्या लोकांत जाऊन उभी राहिली. अंत्यविधीवाले दोघेच होते, आणि त्यातला एक दुखरी कमर धरून होता. दुसरा मॅडमशी काहीतरी बोलला, मग त्याने आमच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, खांद्यांकडे. मॅडम फोन घेऊन आली.

"मृत व्यक्ति भारी है। रास्ता खराब है। क्या आप कंधा देंगे?"

मी दापोलीवाल्याकडे पाहिलं. आमच्या कऱ्हाडात कुणीही कुणालाही खांदा देतो, पण त्याच्या धर्मात हे चालतं का, ते मला ठाऊक नव्हतं. "तुला चालेल ना?" मी विचारलं.

"मेलेला माणूस रस्त्यात पडलाय," तो म्हणाला. "यात चालायचं काय असतं? तू मागची बाजू धर, रस्ता मला बघू दे."

आम्ही चौघं झालो. पुढे दापोलीवाला आणि धडधाकट अंत्यविधीवाला, मागे मी आणि मेलेल्या माणसाचा पुतण्या. पुतण्या म्हणजे सत्तरीचा असेल. पेटी उचलली आणि मला कळलं की फोन खोटं बोलला नव्हता. माणूस भरभक्कम होता, आणि पेटी त्याच्याहून. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतायचा. आमच्याकडे निदान मोठ्याने देवाचं नाव घेत जातात, त्यात श्वासाला ताल तरी मिळतो. इथं सगळे गप्प. माझं तोंड सारखं काहीतरी म्हणायला उघडत होतं आणि मी ते मिटत होतो. पुढून दापोलीवाल्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

अर्ध्या चढावर अंत्यविधीवाल्याचा चकचकीत बूट घसरला. पेटी कलली. मागून एक म्हातारी किंचाळली. दापोलीवाल्याने खांदा खाली घालून सगळा भार घेतला आणि जनरेटर उचलताना ओरडतो तसा ओरडला, "श्वै श्वै! बस, बस. यल्ला, पाय टाक आता."

अरबीत म्हणजे हळू, हळू, आणि यल्ला म्हणजे चला. कुणाला काय कळलं माहीत नाही, पण सगळ्यांचा पाय बरोबर पडला. तिथून वरपर्यंत तो श्वै श्वै म्हणत राहिला आणि आम्ही त्याच्या तालावर चढलो. मागून बघणाऱ्यांना काय दिसत असेल याचा विचार मी नंतर केला. एक काळी पेटी आणि तिच्यामागे हसणारा बटाटा.

आत आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. पाद्रीबाबा लांबच्या गावाहून आले होते आणि त्यांना अजून कुठंतरी जायचं होतं. त्यांनी भाषण लवकर आटोपलं. मी बाजूला पाहिलं तर मॅडम रडत होती. आवाज नाही, पण रुमाल पार भिजलेला.

चर्चशेजारीच दफनभूमी. पेटी खाली उतरवल्यावर एकेकाने पाणी शिंपडलं. दापोलीवाल्याची पाळी आली. त्याने पाण्याला हात लावला नाही. वाकून तीन मुठी माती घातली, कोकणात घालतात तशी. मग मेलेल्याची बहीण, काठीवर रेलत, वाकायचा प्रयत्न करू लागली. पुतण्याने माती उचलून तिच्या हातात दिली आणि तिने ती आत टाकली. त्यानंतर सगळ्यांनीच टाकली.

खाली गावच्या हॉलमध्ये खाणं होतं. डुकराचं मांस बघून दापोलीवाल्याने पाव आणि चीज आपल्याकडे ओढलं. मी वाइन घेतली. सौदीत इतकी वर्षं कोरडी काढलेला माणूस मी, दुखवट्यालाही नाही म्हणालो नाही. बहीण आमच्यासमोर येऊन बसली आणि मॅडमचा फोन मागून घेतला.

"मेरे भाई को बाहर के लोग पसंद नहीं थे," फोन म्हणाला. ती आणखी बोलली. "गाँव के लोग भी पसंद नहीं थे। वह ज़िंदा होता तो आप दोनों पर कुत्ता छोड़ देता।"

दापोलीवाला म्हणाला, "तिला सांग, बरं झालं मग, आम्ही थोडे उशिरा आलो." फोनने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. बहीण हसायला लागली, आणि हसता हसता तिने माझ्या ग्लासात पुन्हा वाइन ओतली.

परत येताना मॅडम गाडी सावकाश चालवत होती, यावरूनच समजलं की काहीतरी बिनसलंय. मग तिने रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि फोनमध्ये बरंच बोलली. तो माणूस तिचा शेजारी. कुंपणावरच्या अक्रोडाच्या झाडावरून दोघांचं भांडण. वर्षानुवर्षं एकमेकांशी शब्द नाही. अंत्यविधीला एकटी गेली असती तर गाव हसलं असतं. पाहुण्यांना चर्च दाखवते म्हटल्यावर कुणी काही बोललं नाही.

"पण मग गेलात कशाला?" मी विचारलं.

"देखने कि सच में मर गया या नहीं," फोन म्हणाला.

"मग रडलात कशाला?"

तिने गाडी सुरू केली. घराजवळ आल्यावर ती पुन्हा बोलली. फोन म्हणाला, "आधे अखरोट मेरी तरफ़ गिरते थे। वह कभी लेने नहीं आया।"

दापोलीवाला मागच्या सीटवरून हळूच म्हणाला, "म्हणजे अक्रोड हिनेच खाल्ले." पण त्याचा आवाज टवाळीचा नव्हता.

संध्याकाळी मी घरी फोन केला. बायकोने टॉवरचं विचारलं. मी खरं काय ते सांगितलं.

"फ्रान्सला गेलात आणि प्रेत उचलून आलात?" ती म्हणाली. "आंघोळ केली का?"

"केली."

"डोक्यावरून?"

"डोक्यावरून." खरोखरच केली होती. मॅडमला वाटलं की मला ताप भरलाय.

तबूकला परतल्यावर कॅम्पने फोटो मागितले. आमच्याकडे टॉवर नव्हता, तो कोपऱ्यातला उघडा माणूस होता. तो जरा जास्तच लोकप्रिय झाला. एका बुजुर्गाने मात्र दापोलीवाल्याला बाजूला घेऊन समज दिली, की चर्चमध्ये जायला नको होतं, दुसऱ्याच्या मयताला हात लावायला नको होता. दापोलीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाचा, तो जड होता हो." आणि हात धुऊन नमाजाला गेला. पुढच्या शुक्रवारी चाचांनी आम्हाला आपल्या हातची बिर्याणी खाऊ घातली.

मशीन आलं, बसलं, चालू झालं. लहान बटाटा एकीकडे, मोठा दुसरीकडे. पण सुट्टीत नुसतं लोळत पडणं आता दापोलीवाल्याला जमेना. एका शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तो माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लेका, या गावात जुना किल्ला आहे म्हणतात. इतकी वर्षं राहिलो, बघितला नाही."

किल्ला लहानसाच, दगडी, तुर्कांच्या वेळचा, हाजींच्या वाटेवरचा. दारात एक पोक्त सौदी राखणदार गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसला होता. त्याने विचारलं, कुठले? दापोलीवाला म्हणाला, हिंदी. तबूकमध्ये किती वर्षं? आम्ही सांगितलं. पहिल्यांदा येताय? त्याला ते खरंच वाटेना. त्याने आम्हालाही कप दिले आणि स्वतः हिंडून सगळा किल्ला दाखवला. आतली विहीर, वरची गच्ची, भिंतीतला जुना लेख. गच्चीवरून मी त्याला विचारलं, तिकडे जुन्या रेल्वेचं स्टेशन आहे ना, मदिनेला जाणाऱ्या? तो म्हणाला, आहे, पण मी कधी गेलो नाही.

दापोलीवाला म्हणाला, "यल्ला मग."

राखणदाराने किल्ल्याला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं त्याच्या गाडीतून स्टेशन बघायला गेलो. ते बंद होतं.