रिळांची गाडी

माझी वहिनी शिवणकाम करते आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही. अर्धांगवायूच्या झटक्यात दादाचा डावा पाय गेला, पण तो कायमचा गेला हे काही तिने मानलं नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "भिंतीला पाय लावून रेटायचं. आता नाही केलं तर पुढे काही हाती लागणार नाही." दादा भिंतीकडे बघायचासुद्धा नाही. "मेलाय तो पाय," म्हणायचा आणि तोंड फिरवायचा. वहिनीने विनवलं, भांडली, रडली. मीही बहीण म्हणून तोंडसुख घेतलं. उपयोग शून्य.

शेवटी तिने शाळेत मुलं करतात तशी फुग्याची गाडी करायला घेतली. रिकाम्या रिळांची चाकं, विणायच्या सुया, पुठ्ठा, वर फुगा, त्याच्या तोंडाला पेनाची नळी. मला वाटलं, संपलं, हिच्याही डोक्यावर परिणाम झाला.

"हवा मागे सुटते, गाडी पुढे जाते," ती दादाला सांगत होती. "तुम्ही भिंतीला रेटलंत की भिंतही तुम्हाला रेटेल. मग कळेल, पायात जोर आहे की नाही."

टाचण्या छातीवरच्या कापडात खोचून ठेवायची तिची सवय. फुगवलेल्या फुग्यासकट गाडी तिने उराशी धरली आणि फट्! दुसऱ्या फुग्याचंही तेच.

"पुरे कर तमाशा," दादा म्हणाला. वहिनी तिथेच डोळ्यांना पदर लावून बसली. मला दादाचा इतका राग आला की काय सांगू.

टाचण्या काढून ठेवून तिने तिसरा फुगा लावला. गाडी सरसर जाऊन दादाच्या पावलाला थडकली. त्याने डोळे मिटून घेतले.

मग मात्र वहिनीचा तोल सुटला. दादा तिच्या शिवणमशीनपुढच्या, चाकं असलेल्या खुर्चीवर बसला होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याचं डावं पाऊल स्वतःच्या खांद्याला लावलं. "भिंत नको ना? मला रेटा."

"सोड."

"नाही सोडणार."

"सोड म्हणतो ना!"

वहिनी उताणी पडली आणि खुर्ची मागे जाऊन कपाटावर आदळली. मी तिला उचलायला धावले. तिने माझा हात झटकला. कोपर सोललं होतं, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

दादा पांढराफटक पडला होता. "उजवा असेल," तो कसाबसा म्हणाला.

"उजवा मी हाताने धरून ठेवला होता."

ती सरकत सरकत त्याच्यापुढे गेली, डावं पाऊल पुन्हा खांद्याला लावलं आणि म्हणाली, "आता परत."