माजी मंडळींचा ऑटो

पंचायत समितीतली मुदत संपल्यावर इंदुताईंना नुसतं ‘सभापती’ म्हटलेलं खपत नसे. आमच्या दारव्ह्याकडे पद गेलं तरी माणूस मरेपर्यंत साहेबच म्हणवून घेतो. ही बाई मात्र भर लग्नमंडपात माइकवाल्याला थांबवून म्हणे, “माजी म्हन बाप्पा, माजी. माज उतरला का मानूस माजी होते.” माइकवाला गडबडून त्यांचं नाव दोनदा घेई. त्याचा मात्र ताईंना कधी राग आलेला मी पाहिला नाही.

त्या माझ्या शेजारी. मी दारव्ह्याच्या कोर्टात वकील, म्हणजे लोकांच्या भांडणांवर जगणारा माणूस, आणि शेजार असा मिळाला की भांडण माझ्याकडे पोचायच्या आधीच त्यांच्या ओसरीवर मिटायचं. “वकीलसाहेब, तुमच्या पोटावर पाय देऊन राह्यली मी,” असं म्हणत चहाही माझ्याच घरी प्यायच्या.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं एका बातमीतून. जगातले निवृत्त राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान एकत्र येऊन शांततेसाठी आणि माणसांच्या हक्कांसाठी देशोदेशी हिंडतात, असं त्यांनी वाचलं. “त्यायले उडायले इमान लागते, आपल्याले ऑटो पुरते,” म्हणाल्या आणि थेट देवरावांच्या दारात गेल्या. देवराव म्हणजे निवडणुकीत त्यांना एकदा पाडलेले आणि एकदा त्यांच्याकडून पडलेले दुसरे माजी सभापती. दोघांत साधा रामरामही उरला नव्हता. “भाऊ, आता लग्नात तुमालेबी कोनी हार घालत नाही न् मलेबी नाही. चाला, काही कामाचं करू.” देवराव थोडे फुगले, मग इस्त्रीचा सदरा घालून ऑटोत येऊन बसले. तिसरे थावरूभाऊ, जवळच्या बंजारा तांड्यावरचे, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य.

थावरूभाऊंच्या तांड्यावरच्या मुली गजानन नावाच्या शेतकऱ्याच्या वावरातून गावातल्या शाळेत जात. तांड्याच्या बकऱ्यांनी त्याची तूर खाल्ली, त्यावरून आईबहिणीचा उद्धार झाला आणि गजाननने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या काट्या लावून वाट बंद केली. दुसरी वाट लांबची, नाल्याकाठची, सुनसान. आईबापांनी मुली घरी बसवल्या. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली आणि थावरूभाऊंची नात त्यातलीच एक. “छोरीची शाळा एकदा सुटली का लगनच लागते,” ते ताईंना म्हणाले.

गजानन दावा टाकायचं माझ्याकडे विचारून गेला होता, म्हणून ताईंनी मलाही ऑटोत कोंबलं. त्याने अंगणात खुर्ची ठेवली ती एकच. पुढारी तीन, खुर्ची एक. “भाऊ, तुमी बसा.” “नाही ताई, तुमी.” आग्रह सगळा तोंडदेखला, दुसऱ्याने खरंच बसू नये, अशी तिघांचीही मनातून इच्छा. भर उन्हात हा कार्यक्रम चालला. शेवटी गजाननच्या आईने सतरंजी टाकली. “बसा बाप्पा खाली. इथून पडनार नाही कोनी.”

मग भाषणं झाली. बंधुभाव वगैरे. गजाननने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते समदं ठीक हाय. तुमी खुर्चीवर होते तवा तांड्याची पांदण काहून नाही बांधली? पक्का रस्ता असता, तर माह्या वावरातून वाट कायले लागली असती?”

देवराव आभाळाकडे पाहू लागले. ताई मात्र सरळ बोलल्या. “काम मंजूर झालतं. पन तांड्यानं मतं देवरावभाऊले देल्ली, म्हनून मी दाबून ठेवलं.”

देवरावांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “माह्या वख्ती फाइल निघालती. नाव ताईचं होईन म्हनून मीबी दाबली.”

थावरूभाऊ दोघांकडे पाहतच राहिले. “म्हंजे माह्या छोरीच्या वाटंत काट्या तुमी लावल्या. गजाननानं नाही.”

वकिली एवढी वर्षं केली, पण पुढाऱ्याला न विचारता कबुली देताना मी तेव्हाच पाहिलं. गजाननही वरमला. “उघडतो मी वाट,” तो म्हणाला. “पन पोरीयच्या संगं रोज तुमच्यातलं एक जन चालन न् बकऱ्या हाकलन. मले पुढाऱ्याचा शब्द नाही पाहिजे.”

परीक्षेपर्यंत तिघं आळीपाळीने चालले. ताई दुखरे गुडघे घेऊन, देवराव इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात काठी. मुली देवरावांना मुद्दाम बीजगणित विचारत आणि ते घाईघाईने बकऱ्यांकडे वळत.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी गजानन धुऱ्यावर उभा होता. “ताई, आता तुमी नका येऊ. मी हाय इथं.” ताई तिथून थेट माझ्याकडे आल्या आणि रडल्या. “निवडून आली तवाबी इतकं बरं नव्हतं वाटलं, वकीलसाहेब.” मी चहा टाकायला सांगितला. मला ही बाई फार आवडायची.

गेल्या वर्षी ताई गेल्या. पांदण अजून झालेली नाही. मंजूर होऊन राह्यली, असं नवे पुढारी सांगतात. थावरूभाऊंची नात यवतमाळला कॉलेजात आहे. तिच्या मागच्या पोरी गजाननच्याच वावरातून शाळेत जातात. यंदा तूर पेरताना त्याने वावराच्या मधोमध एक पट्टा मोकळा सोडला, दोघी मैत्रिणींना जोडीने बोलत जाता येईल इतका रुंद.