पाहुण्यांचा चार्जर

बाबांचे कान राइस मिलमध्ये गेले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कामठ्याकडच्या एका मिलमध्ये धान भरडायच्या मशीनपाशी काढली. त्यामुळे ते घरातही मिलमध्ये बोलल्यासारखेच बोलतात, म्हणजे आमच्या घरात काय शिजलं ते शेजारच्या दोन घरांना कळतं. मी कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. त्यातून भांडी, पंखा, कुत्री, सगळंच एकदम कानात शिरतं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही.

एरवी आमचं भागत होतं. मिलच्या गोंगाटात कामगार हातांनी बोलतात. ती भाषा आईनं बाबांकडून कधीच उचलली होती आणि थोडीफार मलाही येते. पण माझ्या सोयरिकीसाठी पाहुणे येऊ लागले आणि माझी चिडचिड सुरू झाली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत, आणि त्यांच्या वाट्याचं बोलणं मामा करत. प्रश्न बाबांना विचारलेला असो, उत्तर मामांचं. मामा वाईट नाहीत, पण जागा रिकामी दिसली की बसून घेतात. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहत आणि सगळे हसले की मागाहून हसत. ते मागाहून येणारं हसू मला बघवत नसे.

मी नागपूरच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. दिवसभर लोकांची बिघडलेली सॉफ्टवेअरं दुरुस्त करायची आणि स्वतःच्या बापासाठी काही नाही, हे मला टोचत होतं. मग मी पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक मागवला. एकाच बोर्डावर सगळं असतं तसला. त्याला माइक लावला, जुना मॉनिटर लावला, आणि बोललेलं ऐकून ते मोठ्या अक्षरांत लिहून दाखवणारा प्रोग्राम त्यात भरला. सुरुवातीला त्याला आमची बोली कळेना. आईनं 'का' या अर्थी 'काऊन' म्हटलं की तो 'कौन' लिहायचा. मग आई, शेजारच्या काकू, दुकानदार, जो सापडेल त्याचा आवाज रेकॉर्ड करून मी त्याला शिकवलं. हळूहळू तो वळणावर आला.

बाबांनी पहिल्यांदा पडद्यावर आईचं वाक्य वाचलं ते मोठ्यानं. वाचताना आवाज काढायची त्यांची जुनी सवय आहे, पेपरसुद्धा ते असाच वाचतात. "भाजीत मीठ जास्त झालं का," असं त्यांनी ठणकावून वाचलं आणि मग नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं, "झालं." आई हसली, मग डोळ्यांना पदर लावून आत गेली. मी त्या दिवशी फार खुश होते.

आणि मग सालेकशाकडचे पाहुणे आले.

मुलगा मला आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. त्याची आई, तो आणि गोंदियात किराणा दुकान चालवणारे त्याचे काका असे तिघं आले. सुरुवातीला मशीन छान चाललं. बाबांनी 'प्रवास कसा झाला' वाचलं, उत्तर दिलं, काका चकित झाले. मग चहा आला, सगळ्यांना कंठ फुटला, मामा आणि काका एकाच वेळी बोलू लागले, आणि पडदा काळा झाला. मशीन पुन्हा आपोआप चालू झालं, जरा चाललं, पुन्हा गचकलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइकच्या, पडद्याच्या तारा हलवत होते. तेवढ्यात मामांनी बोलण्याचा ताबा घेतला. निघेपर्यंत बाबा परत आधीसारखेच, मागाहून हसणारे.

पाहुण्यांकडून होकार आला आणि पुढच्या पंधरवड्यात पक्की बोलणी करायला येतो असा निरोपही आला. मी आईला सांगून टाकलं की बाबांना बोलणी कळल्याशिवाय मी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, बसणार नाही. आई म्हणाली, "मशीनसाठी कोणी लग्न अडवते का?" मी म्हटलं, मशीनसाठी नाही.

त्यानंतरचे दिवस माझे मलाच आवडले नाहीत. कंपनीच्या मीटिंगमध्ये माझं लक्ष नसे, ताटावरून उठून मी बोर्डाकडे जात असे. आधी वाटलं, गरम होत असेल. एकटा माणूस बोलतो तेव्हा त्या बोर्डाला थोडंच काम असतं, सगळे मिळून बोलले की तो घाम फुटेपर्यंत राबतो. म्हणून त्याच्यावर छोटा पंखा बसवला. मग मेमरी कार्डावर संशय घेतला आणि ते बदललं. मग माझ्याच प्रोग्रामवर घेतला आणि चांगलं चाललेलं उगाच पुन्हा लिहिलं. टीव्हीवर भांडणाऱ्या लोकांचा कार्यक्रम मोठ्यानं लावून मी बोर्डासमोर बसून राहिले. तो भराभरा लिहीत राहिला. बाबा आनंदानं सगळं भांडण मोठ्यानं वाचत राहिले. एकदाही बंद पडला नाही.

मग माझी मावशी आणि तिचे यजमान आले, घर भरलं, आणि तो पुन्हा पडला.

मला रडू यायचं बाकी होतं. या मशीनला पाहुण्यांचंच वावडं आहे की काय, असं मी आईसमोर बोलून गेले, आणि तिनं खरोखरच त्याला हळद-कुंकू लावलं. बंद पडण्याआधीचे संदेश मी तपासले, तर प्रत्येक वेळी तक्रार एकच: व्होल्टेज कमी. मला हायसं वाटलं. आमच्याकडे लाइनला दोष देणं सगळ्यात सोपं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की आमचे दिवे मलूल होतात. मी बोर्ड इन्व्हर्टरवर घेतला. बोर्डासोबत मागवलेला चांगला अडॅप्टर होताच, त्याची तार तपासली, घट्ट खोचली. आता बघतेच, असं मनाशी म्हणाले.

बोलणीच्या आधी एका दुपारी मामा आले. सोबत त्यांचे व्याही होते, दरेकशाचे. तिकडच्या जंगलात मोबाइल रेंज शोधत बसतो आणि त्यातच बॅटरी संपवतो. तिकडून येणाऱ्या माणसाचा फोन नेहमी मेलेलाच असतो. मी खिडकीपाशी बसून कंपनीचं काम करत होते. व्याह्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बाबांना आपला फोन दाखवला आणि दोन बोटं जुळवून खोचल्यासारखं केलं. बाबांचा चेहरा उजळला. ते ताडकन उठले, बोर्डाचा चांगला अडॅप्टर काढला, तार व्याह्यांच्या हातात दिली, आणि शोकेसमधून माझ्या जुन्या फोनचा मरतुकडा चार्जर काढून बोर्डाला लावला. पडदा उजळेपर्यंत थांबले, तो उजळल्यावर समाधानानं मान हलवली आणि जागेवर येऊन बसले.

माझ्या हातातून माउस सुटला. पाहुणा आला की चांगला कप त्याला, चांगली उशी त्याला, कूलरचं तोंड त्याच्याकडे. मग चांगला चार्जर त्याला नाही तर कोणाला? जुन्या चार्जरवर बोर्ड चालू व्हायचा, एकट्यादुकट्याचं बोलणं लिहायचा. सगळे बोलू लागले, काम वाढलं, की त्याला वीज पुरायची नाही आणि तो मान टाकायचा. पाहुणे गेले की बाबा चांगला अडॅप्टर परत जागच्या जागी लावायचे, आणि मी तपासायला बसायचे तेव्हा सगळं ठीक असायचं.

मला आधी संताप आला. इतके दिवस मी डोकं फोडून घेतलं होतं. मी बाबांना सांगायला उठले, हातानं 'हे काढू नका' असं करणार होते, आणि त्यांच्याकडे पाहून थांबले. व्याह्यांनी फोन चार्ज होत असल्याचं अंगठ्यानं सांगितलं, बाबांनीही अंगठा वर केला. दोघं मिल बंद झाल्यावर दारात उभ्या असलेल्या कामगारांसारखे निवांत दिसत होते. पाहुण्यानं त्यांच्याशी मधल्या कोणाशिवाय केलेलं हे पूर्ण बोलणं होतं. मागितलं, समजलं, दिलं. मामांना मध्ये यायला जागाच नव्हती. माझा राग जिरला आणि त्या जागी जे आलं त्यानं मला आणखीच बसू दिलं नाही. मी गाडी काढून गोंदियाला गेले आणि तसाच दुसरा अडॅप्टर घेऊन आले.

बोलणीच्या दिवशी तो मी बाबांच्या हाताशी टेबलावर ठेवला. खुणेनं सांगितलं, हा पाहुण्यांचा. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि खिशात घातला. सालेकशाची मंडळी आली. काकांनी फोन वर केला मात्र, बाबा खिशातून चार्जर काढून तयार.

मी तांदूळ निवडायच्या निमित्तानं कोपऱ्यात बसले होते, पण डोळा बोर्डावरच्या तांबड्या दिव्यावर. व्होल्टेज घसरलं की तो दिवा विझतो. समोर नवरा मुलगा बसलेला आणि मी दिव्याकडे बघत होते. चहा झाला. मामा, काका, मुलाची आई, शेजारच्या काकू, सगळे एकदम बोलू लागले. दिवा विझला नाही. पडद्यावर ओळीवर ओळी चढत होत्या आणि बाबा चष्मा सावरून त्या वाचत होते, जमेल तितक्या. तारीख, जेवणावळ, कपडे. मी सुपातले खडे परत सुपातच टाकत होते.

मग जरा शांतता झाली. काका मुलाच्या आईकडे झुकले आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. हळू बोललेलंही टिपलं जावं म्हणून मी माइक पाहुण्यांच्या बाजूला सरकवला होता. पडद्यावर अक्षरं उमटली. मी ती बाबांच्या आधी वाचली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं, बंद पड. आत्ताच्या आत्ता बंद पड. मी तार उपटायला उठलेसुद्धा. बोर्ड खणखणीत चालत होता.

बाबांनी पेपर वाचावा तसं मोठ्यानं वाचलं, "बाप तं पूरा बहिरा आहे. पोरीचे कान चेक केले का कोणी."

पडद्यावर नवीन काही येईना. बाबांनी चष्मा वर करून आमच्या तोंडांकडे पाहिलं. काय वाचलं ते बहुधा आता त्यांच्या डोक्यात शिरत होतं. काका आपल्या फोनकडे बघत होते. मुलगा लालबुंद झाला होता. मामांनी घसा साफ केला, आणि ते आता काहीतरी गोड बोलून हे बुजवून टाकतील हे मला दिसलं. ते मला नको होतं.

मी माइकपाशी जाऊन म्हटलं, "मले चांगलं आयकू येते, काका. बाबाचे कान मिलनं नेले. ते पोरीत उतरत नाई."

बाबांनी तेही वाचलं, त्याच ठणठणीत आवाजात, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. माझं बोलणं बापाच्या आवाजात घरभर घुमलं. वाचून झाल्यावर ते वळले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी माघार घेणार नव्हते.

मुलाची आई उठली. तिनं काकांकडे पाहिलंही नाही. माइक उचलून तिनं तोंडाजवळ धरला, नको इतका जवळ, आणि सावकाश बोलली. पडद्यावर आलं ते बाबांनी वाचलं, "तुमचं काय म्हणणं आहे भाऊ, या सोयरिकीबद्दल."

मग त्यांनी ते पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. ओठ तेवढे हलले.

"आमचं म्हणणं असं आहे," मामांनी सुरुवात केली.

बाबांनी मामांकडे न बघता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब," ते म्हणाले. "मले विचारून राहिल्या त्या."